महादेवप्पाची परखी

महादेवप्पाला किळस फार. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्याचं आडतीचं दुकान होतं; तिथं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून त्याची चेष्टाही चालायची. हॉटेलातला कप तो आधी उजेडात धरून बघायचा. कुणाकडे जेवायला गेला तर वाढण्याआधी खिशातला रुमाल काढून ताट पुसायचा आणि घरधनीण आतल्या आत जळायची. सौदा ठरत असताना समोरच्याच्या तोंडून थुंकी उडाली, की पुढचं बोलणं त्याच्या डोक्यात शिरायचंच नाही, लक्ष सगळं त्या थेंबाकडे. पाण्याचा तांब्या त्यानं जन्मात कधी ओठाला लावला नव्हता, वरून धार धरूनच प्यायचा. उष्टं त्याला चालायचं नाही. बायकोचं नाही, आईचं नाही, कुणाचंच नाही.

असल्या माणसाच्या वाट्याला तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि ते बघायला टीव्हीवाले येत होते. उदगीरला टीव्हीवाले नव्हते, टँकर होता. टँकरचं पाणी हिरवट, वर फेस, आणि वास असा की जनावरानं तोंड फिरवावं. महादेवप्पा ते चार पदरी फडक्यातून गाळायचा, तुरटी फिरवायचा, उकळायचा, आणि सकाळी इष्टलिंगाच्या पूजेला बसला की त्याच पाण्याकडे बघून पुन्हा तोंड वाकडं करायचा. घरात प्यायला पाणी नाही आणि गावात मात्र उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून रोज बैठका. नळ कोरडा, पण कलेक्टर कचेरी कुठल्या माळावर बांधायची यावरून शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर यायची. महादेवप्पा त्या समितीत होता. मुंबईला मंत्र्याकडे शिष्टमंडळ जाणार होतं, त्यातही त्याचं नाव होतं, आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

त्याचं एकुलतं एक पोर लातूरला कॉलेजात शिकत होतं. नाव शिवमूर्ती. पाण्यावाचून हॉस्टेल बंद पडलं तेव्हा ते गादीसकट घरी आलं. आपण मात्र या गोष्टीत तिला ‘ती’ म्हणू, कारण ती तीच होती, आणि आईजवळ तिनं स्वतःचं नावही सांगितलं होतं, शिवलीला. ज्याला हे खटकेल त्यानं पुढं वाचू नये, कुणी धरून ठेवलेलं नाही.

आल्यावर काही दिवसांनी, दुपारी जेवताना, ती बापाला म्हणाली, “अप्पा, मी पोरगा न्हाई. देह दिसतो तसा, पण मी पोरगी हाय. समजायला लागल्यापासून.”

महादेवप्पाची बायको नीलाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, त्यावरून महादेवप्पाला कळलं की हिला आधीच ठाऊक आहे. तो ताटावरून उठला, मोरीत गेला आणि हात धुवायला लागला. मग तोंड धुतलं. मग पुन्हा हात. संध्याकाळपर्यंत सगळ्या घराला पुरवायची बादली त्यानं तिथं रिकामी केली. नीलाबाईनं बादलीत डोकावून पाहिलं आणि ती पालथी घातली.

त्याला किळस आली होती, पोटच्या पोराची. राग आला असता तर त्यानं आदळआपट केली असती, दुःख झालं असतं तर कोपऱ्यात बसून रडला असता, पण किळसेचं काय करायचं हे त्याला एकच ठाऊक होतं, लांब होणं. त्या दिवसापासून तो एकटा, सगळ्यांच्या आधी जेवायला लागला. तिनं आणून दिलेला पेला तसाच राहायचा. तिचं ताट फळीवर वेगळं दिसायला लागलं. ते कुणी वेगळं केलं हे घरात कुणी विचारलं नाही.

मग एका सकाळी तूर निवडताना नीलाबाई मान वर न करता म्हणाली, “शिवा लातूरला एकदा इहिरीपतोर गेलती.”

महादेवप्पाच्या हातातली तूर हातातच राहिली.

“कठड्यावर बसली व्हती सांजपतोर. आत पाणी न्हाई. तळाला गाळ, प्लास्टिक, मेलेलं कुत्रं. तसल्या घाणीत मरायची किळस आली म्हणं तिला. म्हणून परत आली.” नीलाबाईनं एक खडा बाजूला टाकला. “किळस तुमचीच घेतलीय तिनं. तेवढ्यावर वाचली.”

महादेवप्पा त्या दिवशी दुकानात गेला नाही. दुपारी तो शिवलीलाच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला, उंबऱ्याच्या अलीकडे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, “काय करावं म्हणतीस... म्हणतोस?”

तिला काय पाहिजे ते तिचं ठरलेलं होतं. “मला डॉक्टरकडं न्या, अप्पा. मनाच्या. पण माझ्यासारखी माणसं ज्यानं आधी बघितलीत असा. मला दुरुस्त करणारा नको, ऐकून घेणारा पाहिजे. आन मी एकदाच सांगणार. हिथं सांगा, तिथं सांगा, पुन्हा पुन्हा उघडं व्हायची ताकद न्हाई मला. तो माणूस चुकीचा निघाला तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई.”

पुन्हा तोंड उघडणार नाही म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं. तो जायला वळला तेव्हा ती एवढंच म्हणाली, की पुण्याच्या मैत्रिणीनं नांदेडच्या एका डॉक्टरबाईंचं नाव कळवलंय, कावेरी मॅडम, त्यांनी हैदराबादला असल्या लोकांसोबत काम केलंय. महादेवप्पानं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. पुढं चौकशीत कळलं तेही एवढंच, की बाईकडे गर्दी नसते. जिथं गाड्यांची रांग नाही तिथं माल काय असणार, हा मोंढ्यातला हिशेब.

त्याची सगळी अक्कल मोंढ्यातच तयार झालेली. तिथं पोत्याच्या तोंडाशी सगळ्यांचीच तूर टपोरी असते. आडत्या शब्दावर भुलत नाही, परखी खुपसतो. परखी म्हणजे टोकदार, पोकळ नळी. ती पोत्याच्या पोटात घातली की आतला माल आपसूक तळहातावर येतो, खड्यांसकट, किडक्या दाण्यांसकट. महादेवप्पानं परखी घातल्याशिवाय आयुष्यात पोतं उचललं नव्हतं. मग पोरीसाठी डॉक्टर कसा उचलायचा? त्यानं फोन लावून पाहिले. एका ओळखीच्याचं असं असं आहे म्हणून सांगितलं की सगळीकडून एकच उत्तर, पेशंट घेऊन या, बघू. पोत्याचं तोंड दाखवून कुणी आत हात घालू देत नव्हतं.

शेवटी त्याच्या ध्यानात आलं की परखी आपणच व्हायला पाहिजे. पोर जे सांगणार ते आधी आपण सांगायचं, तिच्या खुर्चीवर आपण बसायचं, आणि डॉक्टरच्या पोटातून काय निघतं ते बघायचं.

नीलाबाईला त्यानं बेत सांगितला तेव्हा ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. “तुम्ही? बाई हाय म्हणून सांगणार? मिशा हायत की.”

“तिला बी येतात की,” महादेवप्पा म्हणाला.

लातूरचा डॉक्टर नावाजलेला. दवाखान्याबाहेर चपलांचा ढीग होता, म्हणजे माल खपत होता. महादेवप्पा समाधानानं रांगेत बसला. आत गेला तेव्हा डॉक्टर पेनाच्या टोपणानं कान कोरत होता आणि निघालेलं निरखून बघत होता. तिथंच महादेवप्पाला उठून जावंसं वाटलं, पण तो पोरीच्या कामाला आला होता.

बसमध्ये घोकलेलं त्यानं बोलून टाकलं. “डॉक्टरसाहेब, मी आतून पुरुष न्हाई. बाई हाय. समजायला लागल्यापासून.”

टोपण कानातच राहिलं. डॉक्टरनं त्याच्या कपाळावरची विभूती पाहिली, मिशा पाहिल्या, आणि त्याचा चेहरा असा खुलला की जणू कुणी पेढे आणलेत. त्यानं घंटी दाबली. “त्या दोघा पोरांना बोलाव. म्हणावं, असली केस रोज येत नाही.” हाताखालचे दोघे डॉक्टर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

“हं. साडी नेसता का?” डॉक्टरनं विचारलं. “बायकोची, की स्वतःसाठी वेगळी घेतलीय? आरशात बघता? बघितल्यावर काय होतं?” प्रत्येक प्रश्नाला तो त्या दोघांकडे बघायचा आणि ते खाली मान घालून हसायचे. “बायकोसोबत जमतं ना? लघवीला बसता की उभं राहता? लाजू नका, डॉक्टरपाशी कसली लाज.”

एकही प्रश्न त्या माणसाच्या जिवाचा नव्हता. झोप लागते का, जेवण जातं का, मरावंसं वाटतं का, हे काही नाही. जत्रेतल्या तंबूत दोन तोंडांचं वासरू ठेवतात, त्याला निदान हे कुणी विचारत नाही.

“चला, पडद्यामागं जा. कपडे उतरवा. बघू, सगळं जागच्या जागी आहे का.”

महादेवप्पा पडद्यामागं गेला. तिथं एक बाकडं होतं, त्याच्या रेक्झिनवर आधीच्या माणसाच्या घामाचा ओला डाग होता. खाली तसराळ्यात वापरलेला कापूस, त्यावर माशा. त्यानं पायजम्याच्या नाडीला हात घातला आणि थांबला. इथं शिवाला उभं केलं असतं, हे त्याच्या मनात आलं, आणि पहिल्यांदाच अंगावर आलेला शहारा पोरीचा नव्हता, पोरीकडे बघणाऱ्यांचा होता. पडद्यापलीकडे तिघं हसत होते.

तो पडद्याबाहेर आला आणि सरळ दाराकडे निघाला. डॉक्टरनं हसतच विचारलं, “अहो, बसा. कुठले तुम्ही? उदगीर? मोंढ्यात दुकान? अरे वा, मग तिथलेच मडिवाळप्पा आमचे साडू की.” नाव तर त्यानं बाहेर नोंदवताना खरंखुरं सांगितलं होतं. खोट्या नावानं माल आणायची त्याला सवय नव्हती. बसस्टँडवर हात धुवावा म्हणून तो नळाकडे गेला. नळ कोरडा होता. तसाच, न धुतलेल्या हातांनी तो उदगीरला आला.

आठवडाभरानं तो नांदेडला गेला, जळकोट, कंधार करत. तिथला डॉक्टर या विषयातला जुना जाणकार म्हणून त्याचं नाव एका व्यापाऱ्यानं सांगितलं होतं. हा स्वच्छ होता. टेबल चकचकीत, हात धुतलेले, बोलणं मवाळ. महादेवप्पाला बरं वाटलं. त्यानं पुन्हा तेच वाक्य म्हटलं. डॉक्टर हसला नाही, कुणाला बोलावलं नाही, त्यानं नुसती मान हलवली.

“तुम्हाला उशीर झालाय,” तो म्हणाला. “कोवळ्या वयात आणलं की लवकर वळतात. यात माझा हातखंडा आहे. अशी पुष्कळ पोरं मी सरळ केलीत.”

“कसं करता?”

“किळस बसवायची.” डॉक्टरनं हे अगदी सहज सांगितलं. “बाईसारखं वागायचं मनात आलं, की ओकारी आली पाहिजे. त्याला औषध आहे, पोट ढवळतं. त्याच वेळी आपण त्याला त्याचे आवडते फोटो दाखवतो. पण एकट्या औषधानं भागत नाही, घरच्यांनी साथ द्यावी लागते. ताट वेगळं, पेला वेगळा. जवळ कुणी बसायचं नाही. घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर त्याला आपली किळस दिसली पाहिजे. रोज दिसली, की येतं ताळ्यावर.”

महादेवप्पा त्या स्वच्छ हातांकडे बघत राहिला. जगात किळस या विषयातला जाणकार कुणी असेल तर तो स्वतः होता. जन्मभर त्यानं ती बाळगली होती. किळसेनं टँकरचं पाणी कधी स्वच्छ झालं नव्हतं, पिणारा तेवढा तहानलेला राहिला होता. आणि हा गृहस्थ जे औषध म्हणून विकत होता ते महादेवप्पा घरात फुकट देत होता. ताट वेगळं, पेला वेगळा. विहिरीचं कळल्यानंतरही. त्याला त्या डॉक्टरची किळस आली आणि त्याहून जास्त स्वतःची.

“यातलं कुणी मेलं का?” त्यानं विचारलं.

डॉक्टरनं चष्मा पुसला. “एखादं जातं. तिथं घरच्यांचा निर्धार कमी पडतो.”

खाली रस्त्यावर येऊन महादेवप्पा गटारीच्या कडेला ओकला. औषध न घेताच. येणारे जाणारे त्याला वळसा घालून जात होते आणि नाकाला रुमाल लावत होते, जसा त्यानं आजवर लावला होता.

कावेरी मॅडमची जागा कापडाच्या दुकानावर होती. एक जिना, एक बाक, कोपऱ्यात माठ. बाकावर कुणी नव्हतं. आलोच आहोत तर बघू, एवढ्याच विचारानं तो वर चढला. तोंड कडवट झालेलं, सदऱ्यावर शिंतोडे. बाई पन्नाशीच्या आतबाहेर, सुती साडी, त्यांनी त्याला आत घेतलं आणि आधी पेलाभर पाणी पुढं केलं. त्यानं पेला वर धरला, पण धार चुकली आणि निम्मं पाणी गळ्यावरून सदऱ्यात गेलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टॉवेल दिला.

त्यानं तिसऱ्यांदा तेच वाक्य म्हटलं. आता ते घोकलेलं वाटत नव्हतं. बाईंनी ते पूर्ण ऐकलं, आणि मग म्हणाल्या, “तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारलेली आवडेल?”

या प्रश्नाची तयारी महादेवप्पानं केलेली नव्हती. लातूरच्या डॉक्टरनं गाव विचारलं होतं, दुकान विचारलं होतं, हे विचारलं नव्हतं. ज्या नावानं त्यानं पोरीला एकदाही हाक मारली नव्हती, जे नाव स्वैपाकघरात कुजबुजलेलं त्यानं चोरून ऐकलं होतं, ते बाहेर आलं.

“शिवलीला.”

“बरं. शिवलीला, सावकाश बोला. घाई नाही.”

त्या मिशावाल्या, विभूती लावलेल्या माणसाला बाई पुढं तासभर त्याच नावानं हाक मारत होत्या. त्या नावात काही घाण नव्हती. बाईंच्या तोंडून ते साध्या नावासारखं येत होतं. त्या विचारत गेल्या, झोप कशी लागते, घरात कुणाशी बोलता, कुठं बसलं की बरं वाटतं. महादेवप्पाला आठवून आठवून थोडं सांगता आलं. बाकीचं त्याला ठाऊकच नव्हतं. लेकरू कुठं बसलं की त्याला बरं वाटतं, हे बापाला सांगता येईना.

“या नावानं घरात कोण हाक मारतं?”

“आई.”

“आणि वडील?”

महादेवप्पा टॉवेलशी खेळत राहिला. “वडलांना माझी किळस येती.”

बाईंनी विचारलं, “आणि तुम्हाला त्यांची?”

किळस करायची ती आपण, आपली कुणाला येत असेल असं त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्यानं टॉवेल तोंडाला लावला, परक्याचा, कुणी कुणी पुसलेला, आणि हुंदके देऊन रडला.

निघताना बाई जिन्यापर्यंत आल्या. “पुढच्या सोमवारी शिवलीलाची वेळ राखून ठेवते,” त्या म्हणाल्या. “त्यांना विचारून आणा. ओढून आणू नका.” महादेवप्पाला कळलं की बाईंनी त्याला ओळखलंय. कधी ओळखलं ते त्यानं विचारलं नाही. मान खाली घालून जिना उतरला.

उदगीरला व्यापारी भवनात समितीची बैठक होती. मुंबईला कोण कोण जाणार ते पक्कं व्हायचं होतं. महादेवप्पा खुर्चीवर बसला तेव्हाच त्याला कुजबुज जाणवली. मडिवाळप्पा समोर बसला होता. त्याचं दुकान महादेवप्पाच्या दुकानाला लागून, आणि शिष्टमंडळात आपलं नाव नाही म्हणून तो आधीच धुमसत होता.

“महादेवप्पा, लातूरचे डॉक्टर, आमचे साडू, भेटले व्हते,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “तू सोताला बाई समजतो म्हणं.”

काही जण हसले. मडिवाळप्पा पुढं वाकला. “का घरात दुसऱ्याच कुणाचं हाय ते, आन तू विचारायला गेलता? तुझं पोरगं हॉस्टेलवरून आल्यापासून दारात सुदीक दिसत न्हाई.”

हसणं थांबलं. सगळ्यांच्या नजरा महादेवप्पावर. एक वाक्य पुरलं असतं. माझं नव्हे, पोराचं, असं म्हटलं असतं तर याच लोकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला असता, बिचारा बाप म्हणून हळहळले असते, आणि मुंबईला नेलं असतं. आणि दिवेलागणीपर्यंत गावातली रिकामटेकडी पोरं त्याच्या दारात शिट्ट्या मारत उभी राहिली असती. विहिरी गावात अजून पुष्कळ होत्या, सगळ्याच काही घाण नव्हत्या.

“पोराचा काय संबंध?” महादेवप्पा म्हणाला. “माझंच हाय ते. मीच सांगितलं डॉक्टरला.”

कुणीतरी खोकलं. शेजारच्यानं खुर्ची सरकवली, अगदी थोडी, पण फरशीवर आवाज झाला. पाण्याचा तांब्या फिरत आला आणि त्याला ओलांडून पुढं गेला. समोरच्या तोंडांवर ओठांची एक घडी पडली होती, नाकाजवळची कातडी आक्रसलेली. महादेवप्पाला ती घडी चांगली ओळखीची होती, ती त्याचीच होती. अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, की विषय मोठा आहे, मंत्र्यापुढं जायचंय, लोक नावं ठेवतील, तेव्हा महादेवप्पानं या खेपेला थांबावं. आदल्या दिवशी याच माणसानं त्याच्या दुकानात बसून चहा प्यायला होता.

“थांबतो की,” महादेवप्पा उठत म्हणाला. “जिल्हा तुम्हीच आणा. कलेक्टर आला की त्याला टँकरचं पाणी तेवढं गाळून पाजा.”

तो घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. नीलाबाई दारातून बाजूला झाली. शिवलीला खोलीत उभी होती. तो उंबऱ्याशी थांबला, मग आत गेला आणि तिच्या गादीच्या कडेला बसला. त्या गादीवर तो पहिल्यांदाच बसत होता.

“डॉक्टर मिळाली,” तो म्हणाला. “तू सांगितली व्हती तीच. गर्दी न्हाई तिच्याकडं.”

“अप्पा, भवनात काय झालं ते कळलं मला. कशापायी केलं तुम्ही?”

“परखी घातल्याबिगर माल उचलत न्हाई मी,” महादेवप्पा म्हणाला. “सोमवारी जायचं का? तुझी मर्जी असंल तर.”

ती गादीच्या दुसऱ्या कडेला बसली. मग म्हणाली, “जाऊ.”

सोमवारी दोघं एसटीत बसले. जळकोट मागं पडलं. दोन्हीकडे रान उघडंबोडकं, मातीला भेगा, रिकाम्या घागरींची रांग टँकरची वाट बघत ऊन खात होती. कंधारच्या अलीकडे महादेवप्पानं खिडकीबाहेर बघत विचारलं, “शिवा, तुला माझी किळस येती का?”

तिनं विचार केला. “येती. कधी कधी.”

“हां,” तो म्हणाला. खोटं बोलली असती तर त्याला ते कळलं असतं.

तिनं बाटलीला तोंड लावून पाणी प्यायलं आणि बूच लावायला गेली. महादेवप्पानं हात पुढं केला. तिनं बाटलीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पदर नव्हता म्हणून सदऱ्याच्या टोकानं बाटलीचं तोंड पुसायला लागली. “राहू दे,” तो म्हणाला, आणि बाटली ओठांना लावली. किळस आली. अगदी आतून आली, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यानं ती पाण्याबरोबर गिळली आणि बाटली परत दिली.

कापडाच्या दुकानावरच्या त्या बाकावर दोघं शेजारी बसले. शिवलीलाचे तळहात घामेजले होते, ती ते मांडीला पुसत होती. माठाखालच्या वाटीत थेंब पडत होते. तेवढ्यात दार उघडलं आणि कावेरी मॅडमनी डोकं बाहेर काढलं.

“शिवलीला, या.”

दोघंही उठले.

शिवलीलानं वळून बापाकडे पाहिलं. “अप्पा, मला बोलवलंय.”

“हाव,” महादेवप्पा म्हणाला, “तुलाच,” आणि खाली बसला.